पंच क्रमांक एक

"बाई, ही सही कुणाची हाय, तेवढं सांगा."

शालननं पंचनाम्याची नक्कल माझ्या टेबलावर पसरली आणि उजव्या हाताचं बोट खालच्या कोपऱ्यावर टेकवलं. डावा हात तिनं पोटाशी धरला होता. तो कोपरात सरळ होत नसे. मी चष्मा चढवून वाचलं. पंच क्रमांक एक, रंगनाथ विठोबा तांबट. टपोरं अक्षर, शेवटी दोन टिंबं. ही सही मी दीड वर्षात शेकडो वेळा पाहिली असेल. वाचली मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

"कोण हे?" मी विचारलं.

"माझा बाप. तुमच्या गेटपाशी स्टो दुरुस्त करत बसतोय, त्यो." ती खुर्चीवर बसली नाही. "शेड आमची, घर आमचं, आणि ती बेकायदा हाय म्हणून साक्षीदार बी आमचाच बाप. असं असतंय का कुठं?"

गेटपाशी बसणाऱ्या माणसाला मी रोज दोनदा पाहत होते. छत्र्या, स्टोव्ह, कुलपं दुरुस्त करणारे रंगूमामा. माझ्या खोलीवरचा स्टोव्ह त्यांनी दोन वेळा नीट करून दिला होता. त्यांचं आडनाव तांबट आहे, हे विचारायची मला कधी गरज पडली नव्हती.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. एका तालुक्याच्या गावच्या नगरपालिकेत मी ओव्हरसियर होते. वय सत्तावीस आणि तेवढ्यातच दमलेली. दमायला वय लागत नाही, खातं लागतं. माझ्याकडे शेडचं खातं होतं. म्हणजे कागदावर बांधकाम विभाग, पण पुलाचं, टाकीचं काम वरचे लोक बघत. मला उरत त्या घरामागच्या शेड्स. जळणाची शेड, म्हशीची शेड, न्हाणीची शेड, सुनेला वेगळी चूल हवी म्हणून घातलेली शेड. नियम सरळ होता. निवासी भागात घराच्या मागच्या बाजूला हद्दीपर्यंत दहा फूट जागा मोकळी सोडायची. तिथं शेड घालायची तर आधी परवानगी घ्यायची, आणि ती चारही बाजूंनी बंद असता कामा नये. गावातली मागची अंगणंच मुळात बारा फुटांची. दहा सोडल्यावर उरलेल्या दोन फुटांत माणसानं काय उभं करावं, ते नियमात नव्हतं. लोक शेड घालत, मागचा शेजारी तक्रार करे, आणि मी टेप घेऊन जाई.

पंचनाम्याला दोन पंच लागत. ते समक्ष हजर हवेत, त्यांनी पाहिलेलं हवं. पण गल्लीतला कुठला माणूस शेजाऱ्याची शेड बेकायदा आहे यावर सही करेल? जन्माचं वैर कोण घेणार? म्हणून आमचे हेडक्लार्क खमितकर भाऊसाहेब यांनी माझ्या आधीपासून एक सोय करून ठेवली होती. रंगूमामा आणि कोपऱ्यावरचे उस्मानभाई इस्त्रीवाले या दोघांच्या पंचवीस-पंचवीस कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवायच्या. गठ्ठा संपला की नवा. त्या बदल्यात दोघांच्या दुकानांना गेटपाशी कुणी उठवत नसे. मी रुजू झाले त्या आठवड्यात भाऊसाहेबांनी गठ्ठा माझ्या हवाली केला आणि म्हणाले, "मॅडम, जागेवर जाऊन मापं घ्या, इथं येऊन निवांत लिहा. पंच कायम हजर आहेत."

मी तसंच करत आले. तांबट गल्लीत बारा घरं तांबटांची. मालमत्तेच्या वहीत शालनच्या माहेरचं हे घर अजून विठोबा तांबट या मेलेल्या माणसाच्या नावावर. मी गेले तेव्हा मामा गेटपाशी कुणाच्या तरी छत्रीत काडी घालत होते, म्हणजे मी त्यांच्या समोरूनच त्यांच्या घरी गेले. माप घेतलं. शेड हद्दीपासून तीन फुटांवर, चारही बाजूंनी पत्रा, आत मिरची कांडपाचं यंत्र आणि एक लोखंडी खाट. पाच वाजता ऑफिसात येऊन गठ्ठ्यातला वरचा फॉर्म ओढला आणि लिहून टाकला. खालच्या सह्यांकडे कोण बघतं?

शालन माझ्यासमोर उभीच होती. मी तिला बसायला सांगितलं तेव्हा तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दीड वर्षापूर्वी नवऱ्यानं हात मोडला. हाडवैद्यानं बसवला तो वाकडा बसला. ती माहेरी आली. पुढच्या दोन खोल्यांत भाऊ, भावजय, त्यांची पोरं. तिथं तिला जागा नव्हती, आणि कुणी तोंडावर तसं म्हटलं नाही तरी तिला ते कळत होतं. मामांनी अंगणात स्वतःच्या हातानं शेड घातली. दिवसा कांडप, रात्री तिथंच खाट. फाल्गुनात मिरची सुरू झाली आणि गल्लीगल्लीतून बायका डबे घेऊन यायला लागल्या. आणि मागच्या घरातल्या रिटायर हेडमास्तरांनी तक्रार केली. त्यांचीही तक्रार खोटी नव्हती. मिरचीचा खकाणा त्यांच्या माजघरात जात होता आणि घरातलं माणूस न् माणूस शिंकून बेजार होतं.

"मला दोन महिने मिळू द्या," शालन म्हणाली. "अक्षयतृतीयेपर्यंत हंगाम हाय. तंवर माझं नाव झालं, की बाजारात गाळा बघीन, तिथं बसंन. आत्ता शेड पडली तर मला सासरी जावं लागंल. त्यांचा निरोप आलाय, पंधरा दिवसांत ये, न्हाई तर दुसरी करतो म्हणून. भाऊ म्हणतोय जा."

"सुनावणीत सांगा हे," मी म्हणाले.

"हे कोण ऐकतंय, बाई? मी सही सांगणार. पंच जागेवर नव्हता म्हणजे पंचनामा खोटा. वकिलाला विचारून आले मी."

ती बरोबर बोलत होती. पंचनामा खोटा ठरला तर नोटीस रद्द, पुन्हा पाहणी, पुन्हा नोटीस, पुन्हा मुदत. तिचा हंगाम सहज निघाला असता. आणि पंच समक्ष होते असं लिहून खाली सही करणारी ओव्हरसियर निलंबित झाली असती. माझं प्रोबेशन संपायला चार महिने होते. मी घरची थोरली, पाठच्या दोघी अजून शिकत होत्या. शालन गेल्यावर मी भाऊसाहेबांकडे गेले. त्यांनी नक्कल वाचली, कपाळाला हात लावला आणि मलाच विचारलं की सही करायच्या आधी नावं वाचता येत नाहीत का. वाचता येत होती. तोच तर प्रश्न होता.

मामांशी मी बोलले नाही. तीन दिवस येता-जाता मान खाली घालून गेटमधून गेले. त्यांनीही हाक मारली नाही.

सुनावणी गुरुवारी होती. मुख्याधिकारी साहेब एकाच दिवशी सगळी प्रकरणं घेत, त्यामुळे बाकावर सात-आठ लोक आधीच बसले होते. पोत्याची पिशवी घेऊन एक म्हातारी बाई, दोन भाऊ एकमेकांकडे पाठ करून, आणि तक्रारदार हेडमास्तर, खिशाला दोन पेनं लावून. शालन पुढे आली. मामा तिच्या मागं एक पाऊल सोडून. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, हाताच्या बोटांत मात्र काळं तेल तसंच.

शालननं पाठ केल्यासारखं सांगितलं. शेड तीन फुटांवर आहे हे तिनं नाकारलं नाही. परवानगीसाठी अर्ज करते म्हणाली, दोन बाजूंचे पत्रे काढते म्हणाली. मग नक्कल पुढे केली. साहेबांनी सही पाहिली, माझ्याकडे पाहिलं, भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब खिडकीतून बाहेर बघत होते.

"तांबट, ही सही तुमची?" साहेबांनी विचारलं.

"माझी हाय."

"पाहणी झाली तेव्हा तुम्ही जागेवर होता का?"

मामांनी मान वळवली. ते बाकाकडे बघत होते. मी माझ्या पायांकडे बघत होते. खरं सांगायचं तर मी देवाची करुणा भाकत होते, आणि काय मागत होते ते मला आजही सांगवत नाही.

"होतो," मामा म्हणाले.

"आबा," शालन हळूच म्हणाली.

"स्वतःच्या शेडच्या पंचनाम्याला तुम्ही स्वतः पंच म्हणून हजर होता?" साहेबांनी पुन्हा विचारलं. साहेब काही दूधखुळे नव्हते. त्यांनी माणसाला माघार घ्यायला वाट करून दिली होती.

"व्हय साहेब. बाईंनी टेप लावली, मी बघितली. तीन फूट हाय. बरोबर लिव्हलंय."

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. मामा नव्हते साहेब, मी एकटी गेले होते, एवढी दोन वाक्यं. मी पायांकडेच बघत राहिले. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं की पंचनामा ग्राह्य, आठ दिवसांत शेड काढून घ्यावी. शालन वळली आणि बापाच्या बाजूनं न जाता बाकांच्या मागून फिरून बाहेर गेली.

संध्याकाळी मी गेटपाशी थांबले. मामा एका स्टोव्हचा बर्नर उलटा धरून त्यात फुंकत होते. मी म्हणाले, "मामा, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुमच्यासाठी न्हाई, बाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "तेवढं मनात आणू नका."

मग त्यांनी सांगितलं. बाकावर पिशवी घेऊन बसलेली म्हातारी म्हणजे यमुनाबाई होनराव. तीन वर्षांपूर्वी तिच्या अंगणातली न्हाणी पाडली होती, माझ्या आधीच्या ओव्हरसियरनं. पंच मामाच. म्हातारीची सून तेव्हा पोटुशी होती. न्हाणी पडल्यावर यमुनाबाई इथं गेटपाशी येऊन त्यांना विचारून गेली होती, रंगनाथा, तू आला होतास का रे बघायला? मला तर कुणी दिसलं न्हाई.

"मी तिला तोंडावर सांगितलं, आलो होतो. दोन फूट भाईर होती तुझी न्हाणी, मी काय करू. ती गप गेली." त्यांनी बर्नर खाली ठेवला. "आज मी म्हणू, माझ्या लेकीची शेड मी बघितली न्हाई? मग तिची बघितली व्हती का? वीस वर्सं सह्या करतोय. कुणाकुणाचं बघितलं मी? गावात कुणाच्या दारावरनं जाऊ मग?"

"पण शालनचं काय?" मी विचारलं.

त्यांनी बर्नर पुन्हा उचलला. म्हणाले, "तीच इचारत व्हती मघाशी. तिला बी काय सांगता आलं न्हाई."

आठव्या दिवशी मी चार मजूर घेऊन तांबट गल्लीत गेले. मजुरांना काम पडलं नाही. मामा शिडीवर होते आणि पान्यानं एकेक बोल्ट सोडवून पत्रे खाली देत होते. मजूर पहार घालून पत्रा वाकवतात, मग तो कशाच्या कामाचा राहत नाही. बोल्ट त्यांनीच आवळले होते, त्यामुळे कुठला घट्ट आणि कुठला ढिला हे त्यांना ठाऊक होतं. हेडमास्तर त्यांच्या गच्चीवर आले, बघितलं, आणि आत निघून गेले. शालन खाटेवर बसली होती. छप्पर निघालं तशी ती उन्हात आली, पण उठली नाही.

दुपारपर्यंत चार अँगल आणि मधोमध ते यंत्र एवढंच उरलं. पाडकामाचाही पंचनामा लागतो. मी पिशवीतून फॉर्म काढला. गठ्ठ्यातला होता, खाली सही तयार. मामा शिडीवरून उतरले, हात पुसत आले आणि त्यांनी तो फॉर्म माझ्या हातातून घेतला. स्वतःची सही बघितली. मग फॉर्मची चौघडी करून खिशात टाकली.

"कोरा काढा," ते म्हणाले. "आधी लिव्हा. मग वाचून दावा. मग सही करतो."

मी ओसरीवर बसून लिहायला लागले. ते शेजारी उभे राहून एकेक शब्द ऐकत होते. पत्रे अकरा. दहा, ते म्हणाले, एक पन्हळीचा हाय, तो वेगळा लिव्हा. यंत्र एक. खाट एक. ट्रंक एक. मी हात चालेल तसं लिहीत गेले आणि शेवटी, दर पंचनाम्याच्या शेवटी लिहितो ते वाक्य लिहिलं. त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, "सदर कारवाईस जागेवर कोणीही हरकत घेतली नाही."

"हे दर वेळी असतंय?"

"असतं."

"मी सह्या केल्या त्या समद्यावर?"

"हो."

मामांनी टोपी काढली आणि कपाळ पुसलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "ते खोडा," ते म्हणाले. "हरकत हाय का न्हाई, तिला इचारा. बाई, तिला इचारा."

मी अंगणात गेले. खाटेवर बसलेल्या शालनला मी विचारलं, काही हरकत आहे का? हा प्रश्न नोकरीत मी कुणालाच विचारला नव्हता. ती माझ्याकडे बघून हसली, म्हणजे तोंड हसल्यासारखं झालं.

"लिवणार हाय का तुम्ही?" तिनं विचारलं.

"लिहिते."

"मग लिवा. पयल्या पंचनाम्याला पंच जागेवर नव्हता. माझा बाप खोटं बोलला. आणि ह्या ओव्हरसियर बाईंना म्हाईत होतं."

माझा पेन थांबला. चार मजूर, मामा, शालन, सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटतं मी त्या दिवशी धाडसानं नाही, कंटाळ्यानं लिहिलं. दीड वर्षाचा कंटाळा. जे व्हायचं ते होऊ दे, एकदा सुटू दे. मी तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, माझ्यासकट. मामांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग तेलकट बोटं धोतराला पुसून त्यांनी खाली सही केली, रंगनाथ विठोबा तांबट, दोन टिंबं. दुसरा पंच म्हणून एका मजुरानं अंगठा दिला. त्याखाली मी सही केली.

कागद भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि मी वाट बघायला लागले. पहिले दोन दिवस मला झोप लागली नाही. घरी पत्र लिहायला घेतलं, अर्धं लिहून फाडलं. शिपाई साहेबांच्या खोलीतून बाहेर आला की मी खुर्चीतून अर्धी उठायची. पण बोलावणं येईना. सहाव्या दिवशी फाइल माझ्याकडे परत आली. भाऊसाहेबांची आद्याक्षरं होती, लेखापालाची होती, आणि तळाशी साहेबांचा हिरव्या शाईतला शेरा होता. पाहिले. दप्तरी दाखल करावे.

मी पान उलटून पाहिलं. शालनचं वाक्य जागेवरच होतं. तीन टेबलांवरून ते गेलं होतं आणि कुणीही वाचलं नव्हतं. मला आधी हायसं वाटलं. लाज वाटायला दुपार व्हावी लागली.

शालन सासरी गेल्याचं त्याच दिवशी उस्मानभाईंकडून कळलं. भाऊ एस.टी.त बसवून आला होता. यंत्र विकलं नव्हतं, अंगणात प्लास्टिकचा कागद झाकून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी मामांनी मला पाडकामानंतर पहिल्यांदा हाक मारली. त्यांच्यासमोर काही काम नव्हतं. धुतलेला सदरा घातला होता, सुनावणीच्या दिवशीचा. नंतर मला कळलं की रोज तोच घालून ते बसत होते.

"बाई, त्या कागदाचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "मला बोलावतील म्हणून बसलोय. या वेळी इचारलं तर खरं सांगणार हाय. यमुनाबाईला बी सांगून आलो."

"नाही बोलावणार, मामा."

"वाचलं न्हाई का कुणी?"

"पाहिलं, असा शेरा आहे साहेबांचा."

"पाहिलं?"

"हो. खाली सही आहे."

त्यांनी मान हलवली. गेटच्या आतल्या इमारतीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"मी बी असंच बघत आलो, बाई," ते म्हणाले, आणि सामान आवरायला लागले.